लार्ज फॉरमॅट लेन्सला फिल्टर घेताना या चुका टाळा

लार्ज फॉरमॅट म्हणजे मोठ्या शीट फिल्मचा कॅमेरा. ‘त्याची लेन्स ९० मिमीची आहे, फिल्टर कितीचा लागेल?’ एवढ्याच माहितीवर याचं उत्तर देता येत नाही. ९० मिमी ही फोकल लेंथ; फिल्टरचा आकडा म्हणजे लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास, मिमीमध्ये. श्नायडरच्या जुन्या अँग्युलॉन ९० मिमी एफ/६.८ ला ४०.५ मिमीचा फिल्टर बसतो, सुपर-अँग्युलॉन ९० एफ/८ ला ६७ चा आणि तिच्याच एफ/५.६ आवृत्तीला ८२ चा. लांब लेन्समध्ये तर कमालच आहे. निकॉर-एम ३०० एफ/९ ला ५२, तर निकॉर-डब्ल्यू ३०० एफ/५.६ ला ९५! तरीही फोकल लेंथ बघून फिल्टर मागवणारे कमी नाहीत.

शटरचा नंबरही इथे कामाचा नाही. कोपल शटरच्या ०, १ आणि ३ या आकड्यांवरून लेन्सबोर्डाला (लेन्स बसवायच्या फळीला) केवढं भोक पाडायचं ते कळतं, अनुक्रमे साधारण ३४.६, ४१.६ आणि ६५ मिमी. पुढच्या आट्यांशी त्याचं काही देणंघेणं नसतं. निकॉर-एसडब्ल्यू ९० च्या एफ/८ आणि एफ/४.५ या दोन्ही लेन्स कोपल ० मध्येच येतात, पण फिल्टर एकीला ६७, दुसरीला ८२.

मोजताना काय चुकतं

काच मोजू नका, बाहेरची कडही मोजू नका. बाहेरच्या कडेचं माप वरून सरकवायच्या झाकणासाठी असतं. फिल्टर कडेच्या आतल्या आट्यांत बसतो, म्हणून कॅलिपरचे आतलं माप घेणारे छोटे जबडे तिथे टेकवायचे. आता खरी गोम इथे आहे. जबडे आट्यांच्या टोकांना टेकतात, तळाला नाही. त्यामुळे वाचलेलं माप फिल्टरच्या आकड्यापेक्षा कमीच येतं. आट्यांचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी असेल (बहुतेक वेळा असतोच) तर हा फरक सुमारे ०.८ मिमी. म्हणजे ६६.२ आलं की फिल्टर ६७ चा, ४८.२ आलं की ४९ चा, ५७.२ आलं की ५८ चा. ०.५ पिच असेल तर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. सरळ नियम ठेवा: जे माप येईल त्याच्या लगेच वरचा प्रचलित आकडा घ्या. ४०.५, ४३, ४६, ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२, ८६, ९५, १०५ हे नेहमीचे आकडे.

माप दोन-तीन दिशांनी घ्या. जुनी लेन्स कधीतरी आपटलेली असते. एका दिशेला ६६.२ आणि आडवं ६५.८ आलं तर कड चेपली आहे, आणि मग बरोबर मापाचा फिल्टरही चढणार नाही. लेन्ससोबत आलेल्या झाकणावरचा आकडा पुरावा मानू नका. वापरलेल्या लेन्सला कुणाचंही झाकण लावलेलं असतं.

काही जुन्या लेन्सना आटेच नसतात. त्यांच्यासाठी सीरिज फिल्टर असत: बिनआट्यांची गोल काच, ती कडेवर सरकवलेल्या अडॅप्टरमध्ये ठेवून वरून रिंगने आवळायची. सीरिज ६ म्हणजे ४१.३ मिमी, ७ म्हणजे ५०.८, ८ म्हणजे ६३.५. अशा लेन्ससाठी बाहेरच्या कडेचंच माप लागतं, त्यामुळे आधी आटे आहेत का ते नीट पाहा.

फिल्टर एका फेऱ्यात अडला तर

जोर लावू नका. आधी उलटा फिरवा, आटा ‘टक’ करून जागेवर बसला की मग सुलटा. तरीही अडला तर पिच वेगळा आहे किंवा आटे मारले गेले आहेत. घट्ट बसलेला फिल्टर काढताना वेगळाच घोळ होतो. फिल्टर जागचा हलत नाही आणि लेन्सचा पुढचा भागच शटरमधून सुटून हातात येतो. म्हणून त्या भागाची कड एका हाताने धरून ठेवायची, फिल्टर दुसऱ्या हाताने फिरवायचा.

स्टेप-अप रिंग, पण कोपरे तपासून

प्रत्येक लेन्सला वेगळे फिल्टर घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचे फिल्टर आणि बाकींना स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी), हा शहाणपणाचा हिशेब. उलटं, म्हणजे मोठ्या लेन्सवर स्टेप-डाउन रिंगने लहान फिल्टर, हे वाइड लेन्सवर तरी करू नका. कॅमेरा सरळ असताना काही दिसत नाही, पण राइज दिला, म्हणजे लेन्स वर सरकवली, की फोटोचे वरचे कोपरे काळे. लेन्सचं इमेज सर्कल (ती पाडते ते गोल चित्र) पुरेसं असूनही रिंग आड येते.

तपासायला सोपं आहे. हवी ती हालचाल द्या, फोटो ज्या अ‍ॅपर्चरला काढणार तेच लावा आणि ग्राउंड ग्लासच्या (मागच्या, फोकस करायच्या दुधी काचेच्या) कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहा. कोपरे त्यासाठीच कापलेले असतात. अ‍ॅपर्चर तिरकं, लांबट दिसेल, ते ठीक आहे. मात्र एका बाजूने चंद्रकोरीएवढा लचका तोडल्यासारखं दिसलं तर रिंग आड येतेय.

वाइड लेन्सवर सेंटर फिल्टर (कडांचा अंधार भरून काढायला मध्यभागी गडद असलेला) लावत असाल तर बाकीच्या फिल्टरचं माप त्याच्या पुढच्या आट्यांवरून ठरवा. श्नायडरच्या ६७ च्या सेंटर फिल्टरला पुढे ८६ चे आटे आहेत. ६७ चे फिल्टर घेऊन बसलात तर ते तिथे चढणारच नाहीत.

पुढे काहीच बसत नाही म्हणून फिल्टर लेन्सच्या मागे लावणारेही आहेत. चालतं, पण काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश इतका फोकस मागे सरकतो. २ मिमीच्या काचेने जवळपास ०.७ मिमी. त्यामुळे आधी फिल्टर लावा, मग फोकस करा.