अळूचं पान चोळू नका! शाळेत मटेरियल सायन्स दाखवताना या चुका टाळा

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की सोलापुरातल्या शाळांचे फोन सुरू होतात. "सर, त्या ज्वालामुखीचा कंटाळा आला, यंदा काहीतरी नवीन दाखवा." मग मटेरियल सायन्स ठरतं, म्हणजे कापड, धातू अशा वस्तू कशाच्या बनतात आणि तशा का वागतात याचं शास्त्र. (पत्रिकेत 'पदार्थविज्ञान' छापू नका, जुने शिक्षक फिजिक्स समजतात.) प्रयोग सोपे असतात, तरी फसतात. कारण बहुतेक वेळा एकच: वस्तू आपल्या हातात येण्याआधी तिच्यावर काय काय झालंय, हे आपण विचारलेलंच नसतं.

टॉवेलचंच घ्या. कापूस पाणी कसा पितो हे दाखवायला मी एकदा चाटी गल्लीतून नवाकोरा टेरी टॉवेल नेला. थेंब वरच बसून राहिले. घरी यंत्रमाग असलेला एक पोरगा मागून म्हणाला, "सर, धुवून आणायचा ना!" बरोबर होतं त्याचं. नव्या टॉवेलवर सॉफ्टनरचा थर असू शकतो. आता मी शंभर टक्के सुती कापडाचे दोन तुकडे नेतो, एक मागावरून उतरलेला कोरा, दुसरा प्रोसेसिंग झालेला. कोऱ्या तुकड्यात कापसाचं नैसर्गिक मेण शिल्लक असतं, म्हणून थेंब रेंगाळतो. कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढलं की तेच कापड पाणी क्षणात ओढून घेतं. सोडा वर्गात उकळायचा नाही, तुकडे मागून आणायचे.

याच्या उलट अळूचं पान. 'अळवावरचं पाणी' पोरांना तोंडपाठ असतं, पण मंडईतल्या जुडीतली पानं एकमेकांवर घासलेली असतात, त्यात कुणीतरी ती पुसून 'स्वच्छ' करतं. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर त्याहून बारीक मेणाचे कण. थेंब टेकतो तो अर्धाअधिक त्यांच्यामधल्या हवेवर. बोटाने चोळलं की हे सगळं सपाट. कुंडीतलं पान देठाला धरून तोडा. साबणाच्या पाण्याचा थेंब अगदी शेवटी टाका, नंतर त्या पानाचा उपयोग नाही.

नायटिनॉलची तार मात्र सोलापुरात वेगळाच त्रास देते. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू वाकवून गरम पाण्यात टाकला की मूळ आकारात येतो. तार ४० अंशांच्या आसपास जागी होणारी असेल आणि तुम्ही ती एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिक्कीतून आणली असेल, तर ती वर्गात वाकलेली राहणारच नाही. विकत घेताना ६० अंशांच्या वरची मागा. दर वेळी तपासूनही घ्या, कारण निकेलचं प्रमाण ०.१ टक्क्याने इकडेतिकडे झालं तरी हे तापमान सुमारे १० अंशांनी सरकतं. दातांच्या डॉक्टरांकडची तार फुकट मिळते, पण तिच्यातले बरेच प्रकार खोलीच्या तापमानालाच स्प्रिंगसारखे उसळतात. आणि लायटर नको. फार तापली तर तार नवाच आकार लक्षात ठेवते.

पोलाद पाण्यात विझवून कडक करायचं असेल तर बांधकामाची तार आणू नका. तिच्यात कार्बन इतका कमी असतो की लाल करून बुडवली तरी ती वाकतच राहते. शिवणाची सुई घ्या. लालभडक करून पाण्यात टाकलेली काडकन मोडते, ज्योतीतून हळूहळू बाहेर काढून हवेत निवू दिलेली वाकते. मोडताना तुकडा उडतो, तेव्हा चष्मा घाला आणि सुईवर फडकं धरा.

सगळ्यात जास्त थापा ग्राफीनवर, म्हणजे ग्राफाइटच्या एकाच अणूइतक्या जाड थरावर, मारल्या जातात. पेन्सिलीच्या रेघेवर चिकटपट्टी दाबून "आम्ही ग्राफीन बनवलं" असा फलक मी स्वतः पाहिलाय. पेन्सिलीत माती मिसळलेली असते. गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीच वापरली, पण शुद्ध ग्राफाइटवर. थर दिसावा म्हणून त्यांनी तो ऑक्साइडचा ठरावीक जाडीचा थर असलेल्या सिलिकॉनवर ठेवला. २०१० चं नोबेल त्यालाच मिळालं. काचपट्टीवर शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात ते ग्राफाइटचे जाड पापुद्रे, आणि फलकावर तसंच लिहावं. त्यापेक्षा पोरांना गणित घाला: १ मिलिमीटर ग्राफाइटमध्ये सुमारे तीस लाख थर, चिकटपट्टीने दर वेळी निम्मे होतात असं धरलं, तर एकच थर उरायला किती वेळा लागेल? फळ्यावर दोनाचे घात मांडत पोरं आपली आपण बावीसपर्यंत पोचतात.