बिनतळाच्या तंबूत झोपताना आणि शिकारीच्या मोहिमेचं सामान हलकं करताना: या चुका टाळा

दोघांचा, दुहेरी भिंतीचा, तळ शिवलेला तंबू साधारण दोन ते अडीच किलोचा असतो. तेवढीच जागा देणारा बिनतळाचा पिरॅमिड किलोच्या आतबाहेर बसतो आणि चालायची काठीच मधला खांब म्हणून लावली तर वजन आणखी उतरतं. परवाना घेऊन डोंगरात आठवडाभर शिकारीला जाणाऱ्यांसाठी हा फरक फार मोलाचा आहे, कारण परतताना त्याच सॅकमध्ये मांसही असतं. पण शिवलेला तळ काही कामं मुकाट्याने करत असतो. तो ओल अडवतो, किडे बाहेर ठेवतो, तंबूचे कोपरे आपोआप काटकोनात आणतो. तो काढला की ही कामं जागा निवडणाऱ्या नजरेवर आणि दोर ताणणाऱ्या हातांवर येतात. बिनतळाच्या तंबूबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

सपाट दिसली म्हणून जागा धरणं

अनेकांनी वापरून घट्ट झालेली, गुळगुळीत जागा मोहात पाडते. अशा जागेचा मध्य बहुधा बशीसारखा खोलगट झालेला असतो आणि दाबलेल्या मातीत पाणी जिरत नाही. तळाच्या तंबूत ते खालून निघून जातं, इथे ते थेट मॅटखाली येतं. वाळका पाला वाहून येऊन एका रेषेत साचलेला दिसला, तर पावसात पाणी तिथवर येतं असं समजा. किंचित उतार, वर गवत किंवा पाल्याचा थर असलेली जागा उत्तम. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटले की चिखलाचे शिंतोडे कडेखालून आत येतात. गवतावर ते होत नाही. भोवती चर खणू नका. त्याने जमिनीची धूप होते आणि चांगल्या जागेवर त्याची गरजही पडत नाही.

दरीचा तळ आणि ओढ्याकाठचं कुरण टाळा. थंड हवा जड असते, रात्री ती खाली उतरून तिथेच साचते. वीस-तीस मीटर वर चढून झोपलं तरी पहाट जाणवण्याइतकी उबदार होते. झाडाखाली दवही कमी पडतं, कारण फांद्यांच्या छत्रामुळे कापडाची ऊब मोकळ्या आकाशाकडे तितकी निघून जात नाही. मात्र वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे आधी बघा.

बाष्पाला गळती समजणं

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी हवेत जातं. एकेरी भिंतीचं कापड रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं आणि ते पाणी त्याच्यावर जमतं. पहाटे बोट लावून पाहिलं तर संपूर्ण कापडावर बारीक थेंबांचा एकसारखा थर लागतो. गळती अशी नसते. ती शिवणीच्या रेषेत किंवा दोर बांधायच्या कडीपाशी एकेक टपोरा थेंब सोडते. हा फरक ओळखता आला तर निम्मी डोकेदुखी संपते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बाष्पावर उपाय हवेचा. गारठा वाढला की शेंड्याची खिडकी बंद करायची आणि कड जमिनीला टेकवायची, ही सर्वांत जास्त घडणारी चूक. त्याने आतलं तापमान नाममात्र वाढतं, ओल मात्र भरपूर वाढते. कोरड्या रात्री कड दहा-पंधरा सेंटीमीटर वर ठेवा. वाऱ्या-पावसात ती जमिनीजवळ आणा, पण वरची खिडकी उघडी राहू द्या. बर्फात कडेवर बर्फ लोटून सगळं लिंपून टाकू नका. तोंड स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपू नका आणि ओले कपडे आत वाळत घालू नका. पाणी पिणारं छोटं फडकं हाताशी ठेवा, झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर भिंत पुसून घ्या.

बॅगच्या पायाकडचा भाग भिजतो तो बहुधा भिंतीला टेकल्यामुळे, आणि ही चूक खरेदीच्या वेळीच झालेली असते. जाहिरातीत तळाची लांबी दिलेली असते. झोपायला मिळते ती जमिनीपासून फूटभर उंचीवरची लांबी. तळाला 2.7 मीटर आणि मध्याला 1.5 मीटर उंच असलेल्या पिरॅमिडमध्ये 30 सेंटीमीटर उंचीवर 2.16 मीटर उरतात. मध्यम उंचीच्या माणसाला बॅगेसकट एवढं पुरतं. तळ 2.4 मीटरचा असेल तर 1.92 मीटरच मिळतात आणि पाय किंवा डोकं भिंतीला घासणारच. असा तंबू आधीच घेतला असेल तर तिरके झोपा आणि पायाकडे बॅगेवर रेनकोट टाका.

उभारताना क्रम चुकणं

आधी दाराची चेन पूर्ण लावा. चेन उघडी ठेवून खुंट्या ठोकल्या तर दाराची बाजू जास्त रुंद होते आणि नंतर चेन ओढताना दात निसटतात. चार कोपरे ठोकताना दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते पावलांनी मोजा. कोपरे सुरुवातीला किंचित सैल ठेवा. ते आधीच ताणले तर खांब पुरेसा वर जात नाही आणि भिंती पोटाशी लोंबतात. मग खांब उभा करा, कोपरे ताणा, आणि शेवटी बाजूंच्या मधल्या खुंट्या.

खांबाचं टोक मऊ मातीत रुतत जातं. संध्याकाळी ताठ असलेला तंबू मध्यरात्री लोंबतो त्याचं एक कारण हे. टोकाखाली तळहाताएवढा चपटा दगड ठेवला की प्रश्न मिटतो. दुसरं कारण कापड. सिलिकॉन लावलेलं नायलॉन ओल शोषून लांबतं. पॉलिएस्टर त्या मानाने फार कमी ढिलं पडतं. डायनीमा या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याचं कापड जवळजवळ ताणलंच जात नाही, पण ते महाग आणि घासलं की लवकर झिजणारं. नायलॉन असेल तर उभारल्यावर तासाभराने आणि झोपण्यापूर्वी असे दोनदा दोर ओढा. तरीही रात्री ढिलं पडलं तर बाहेर जाऊ नका. आतूनच काठी दोन-तीन सेंटीमीटर वाढवा.

खुंट्यांवर ग्रॅम वाचवताना चार कोपऱ्यांच्या खुंट्यांना हात लावू नका. तिथे पंधरा ते अठरा सेंटीमीटरच्या, वाय आकाराचा छेद असलेल्या खुंट्याच हव्यात. टायटॅनियमच्या बारीक तारेच्या खुंट्या भुसभुशीत मातीत फिरतात आणि निसटतात. त्या मधल्या दोरांना चालतील. खडकावर दोराच्या फासात काडी किंवा छोटा दगड अडकवा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड ठेवा, म्हणजे ताण मोठ्या दगडावर येतो. बर्फात खुंटी आडवी पुरून वरचा बर्फ पायाने दाबा, तो गोठला की ती हलत नाही.

अंथरुणाचं गणित विसरणं

खालचं प्लास्टिक मॅटपेक्षा हातभरच मोठं असावं आणि त्याचा कुठलाही कोपरा तंबूच्या कडेबाहेर जाऊ नये. गेला तर तो पन्हळीसारखा पावसाचं पाणी आत आणतो. घराच्या खिडकीला लावायच्या पारदर्शक फिल्मचा तुकडा सर्वांत हलका, टायवेक (कागदासारखं दिसणारं कृत्रिम कापड) त्याहून जड पण काट्याकुट्यांत टिकाऊ.

थंडी वाजली की लोक जाड बॅग शोधतात, पण अनेकदा गारवा खालून येत असतो. पाठीखाली बॅगेचा भराव दबतो आणि तिथे ऊब राखण्याचं काम मॅटच करते. मॅटचं आर-मूल्य, म्हणजे ती ऊब किती राखते त्याचा आकडा, बघा. उन्हाळ्यासाठी दोनच्या आसपास, गोठणाऱ्या रात्रींसाठी चार, बर्फावर पाचच्या वर. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर मूल्यांची बेरीज होते, म्हणून फुगवायच्या मॅटखाली पातळ फोमची मॅट फायद्याची, शिवाय पंक्चर झालंच तर पूर्ण रात्र उघड्या जमिनीवर काढावी लागत नाही. मध्यरात्री मॅट थोडी मऊ लागली की लगेच छिद्र शोधू नका, थंडीने आतली हवा आकसते. बॅगेवरच्या तापमानाच्या आकड्यांत ‘कम्फर्ट’ हाच आकडा धरा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचवण्यापुरता, झोपेसाठीचा नव्हे.

डासांच्या दिवसांत तोंडाशी जाळी असलेली हलकी बिव्ही, म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची खोळ, घ्या. ती शिंतोड्यांपासून आणि ओल्या भिंतीपासूनही बॅगेला वाचवते. तंबूचं वजन सांगताना बिव्ही, खालचं प्लास्टिक आणि खुंट्या धरूनच बेरीज करा. कित्येकांचा ‘आठशे ग्रॅमचा तंबू’ अशा बेरजेनंतर दीड किलोचा निघतो.

शेगडीच्या भरवशावर झोपणं

टायटॅनियमची, लाकूड जाळायची घडीची शेगडी कपडे वाळवायला आणि उठताना ऊब द्यायला छान. ती जळती ठेवून झोपणं मात्र जिवावर बेतू शकतं. विझत आलेले निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात आणि त्याला वास नसतो. गॅसच्या शेगडीवर बंद तंबूत स्वयंपाक करण्याचा धोकाही तोच. शेगडी कापडापासून निदान हातभर दूर ठेवा, धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी लावा. गुंडाळायचं नवं धुराडं पहिल्यांदा बाहेर, मोकळ्यात तापवा. त्याने पत्रा गोल आकार धरतो.

चुकीच्या जागी वजन कापणं

सगळं सामान तराजूवर घाला, एकेक वस्तू, आकडा लिहून. कपड्यांची जादा जोडी, दुसरी सुरी, मोठी बाटली, रिकामी पिशवी इथेच किलोभर निघतं. सॅकची चौकट मात्र काढू नका. फ्रेम नसलेली सॅक दहा किलोला सुखद वाटते, पण तीस-चाळीस किलो मांस घातलं की सगळा भार खांद्यांवर येतो आणि उतरणीवर गुडघे जातात. हेडलॅम्प आणि प्रथमोपचाराचं सामानही हलकं करायच्या यादीत नको.

मांसासाठी जाळीदार कापडाच्या पिशव्याच न्या, प्लास्टिकच्या नकोत. प्लास्टिकमध्ये उष्णता आणि ओल कोंडून मांस नासतं. त्याला लवकर थंड होणं आणि वारा लागणं गरजेचं असतं. सावलीत टांगा, अस्वलांच्या मुलखात झोपायच्या जागेपासून निदान शंभर मीटर दूर.

शिवणी न लिंपता निघणं

सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही, पॉलियुरेथेनचं सीलंट सालीसारखं निघून येतं. तंबू ताणून उभा करा, सिलिकॉन सीलंट मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावकात) पातळ करून बाहेरून शिवणीवर आणि प्रत्येक कडीच्या टाक्यांवर ब्रशने लावा, दिवसभर वाळू द्या. मग पाण्याचा पाइप वरून धरून आत एक जण बसवा. थेंब दिसेल तिथे आतून खडूने खूण करा आणि वाळल्यावर तेवढाच भाग पुन्हा लिंपा. मोहिमेत सकाळी ओला तंबू बॅगेपासून वेगळा, सॅकच्या बाहेरच्या जाळीत कोंबा, दुपारच्या थांब्यावर झुडपांवर पसरा. घरी परतल्यावर घडी घालण्याआधी शिवणींवरून बोट फिरवा. तिथला जाड पदर कापड वाळल्यावरही बराच वेळ ओला राहतो आणि बुरशी आधी तिथेच धरते.