‘ट्रायलचं पिस्तुल’ म्हणण्याआधी या चुका टाळा

माझ्याकडे जुन्या हत्यारांबद्दल विचारायला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी एकाच वाक्याने सुरुवात करतात: "घरात पणजोबांचं पिस्तुल आहे, सैन्याच्या ट्रायलचं आहे म्हणतात, जरा बघाल का?" ट्रायलचं म्हणजे सैन्याने पिस्तुल निवडण्याआधी चाचणीसाठी घेतलेलं. मी आनंदाने जातो. फोंडा, डिचोली, मडगाव, कुठेही जातो. पण मी पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा कुणीतरी पिस्तुल घासून लखलखीत करून ठेवलेलं असतं. तिथेच माझा जीव खाली बसतो.

घासणं ही या छंदातली सगळ्यात मोठी चूक. गोव्यात चार महिने पाऊस आणि उरलेल्या महिन्यांत खारी, दमट हवा, त्यामुळे लोखंडावर तांबूस थर चढणारच. त्याला घाबरून लोक ब्रासो आणि पॉलिश पेपर काढतात. पिस्तुलावरचा ठसा म्हणजे ठोक्याने दाबलेला केसभर खोलीचा खड्डा. पॉलिश पेपरचे दहा हात फिरले की त्याची कड जाते, वीस हातांत अक्षर जातं. ते पिस्तुल कुठे बनलं, कुणी तपासलं, कुठल्या देशातून फिरलं, हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतोच. गेलेलं अक्षर परत कोरून आणता येत नाही, आणि कोरलंत तर ती फसवणूक होते.

माझी सवय सांगतो. परवाना असलेल्या माणसाने पिस्तुल रिकामं असल्याची खात्री करून दिली की आधी फोटो. दुपारी चारनंतर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, तिरपं ऊन येतं, त्यात पुसट ठसे सावली धरतात आणि वाचता येतात. ऊन नसेल तर टॉर्च आडवा धरायचा. मग दहापट भिंग, मग पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून वरून मऊ पेन्सिल. हे सगळं झाल्यावर सुती फडक्याने शिलाई मशीनचं तेल लावायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं आणि पुसायचं. जो गंज त्यातून निघत नाही तो राहू द्यायचा. आणि पिस्तुल चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

दुसरी चूक मी स्वतः मडगावात जवळून पाहिली. एका जुन्या घरातलं ल्युगर, म्हणजे जर्मन बनावटीचं पिस्तुल, परवाना घरातल्या पुतण्याच्या नावावर. बाहेरगावच्या एका दलालाने त्यांना सांगितलं होतं की हे अमेरिकन सैन्याने १९०१ मध्ये चाचणीसाठी घेतलेल्या ल्युगरपैकी आहे, कारण वर गरुड आहे आणि ‘लोडेड’ असा इंग्रजी शब्द आहे. किंमत ऐकून घरच्यांनी ते विकायचं ठरवलं होतं आणि गिऱ्हाईक येण्याआधी घासूनही घेतलं होतं.

आता यातलं खरं काय? अमेरिकन सैन्याने १९०१ मध्ये १,००० ल्युगर चाचणीला घेतली, हे खरं. त्यांच्या चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या भागावर, अमेरिकन गरुड होता, हेही खरं. पण तोच गरुड अमेरिकेतल्या दुकानांत सामान्य गिऱ्हाइकांना विकलेल्या ल्युगरवरही होता. म्हणून गरुड दिसला की ते अमेरिकन बाजारासाठी बनलं एवढंच कळतं. सैन्याचं होतं की नाही, हे गरुड सांगत नाही.

मी टॉगलच्या, म्हणजे वरच्या बिजागरीसारख्या सांध्याच्या, गुंड्या पाहिल्या. चाचणीची ल्युगर १९०० च्या मॉडेलची होती. १९०० च्या मॉडेलच्या गुंड्या वाटीसारख्या खोलगट असतात, या सपाट होत्या. मग तो ‘लोडेड’ शब्द. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे काडतूस ओढून बाहेर काढणारा भाग, आणि नळीत काडतूस आहे हे दाखवणारा शब्द कोरलेला तसा एक्स्ट्रॅक्टर १९०० च्या मॉडेलवर नाही, तो पुढच्या मॉडेलवर आला. म्हणजे दलाल जो शब्द पुरावा म्हणून दाखवत होता, तोच शब्द त्याचं म्हणणं खोडून काढत होता. हे १९०६ चं मॉडेल होतं, १९०१ च्या चाचणीत ते असणं शक्यच नव्हतं. नंबरही जुळेना. चाचणीची पिस्तुलं साधारण ६१०० ते ७१०० या पट्ट्यातली मानतात, यावर पाच आकडी नंबर होता.

तरी मी आडवा टॉर्च नळीवर फिरवत राहिलो, आणि खालच्या बाजूला दोन शब्दांचं भूत दिसलं: ‘नॉट इंग्लिश’. तिसरा शब्द पॉलिश पेपरने खाल्ला होता, तो ‘मेक’ असणार. परदेशी बनावटीच्या हत्यारांवर ब्रिटिश प्रूफ हाउस, म्हणजे बंदुका तपासून ठसा मारणारी संस्था, हा ‘इंग्लिश बनावटीचं नाही’ असा ठसा १९२५ ते १९५५ या काळात मारत असे. म्हणजे हे पिस्तुल १९२५ नंतर ब्रिटनमधून गेलं होतं, आणि "पणजोबांनी १९१० मध्ये आणलं, तेव्हापासून याच पेटीत आहे" ही घरातली गोष्ट तिथे तुटली.

पुतण्या हिरमुसला. पण घरातल्या आजींनी पेटीच्या तळातून कागदांचा गठ्ठा काढला. त्यात १९३४ ची मुंबईतल्या एका बंदुकवाल्याची काडतुसांची पावती निघाली, आजींच्या थोरल्या दिरांच्या नावाची. ते मुंबईत नोकरीला होते. खरेदीची पावती नाही, त्यामुळे मी नोंदीत ‘मुंबईत घेतलं असावं’ इतकंच लिहिलं. ब्रिटिश ठशाशी जुळणारी ती पहिली गोष्ट होती. ठसा पुरा राहिला असता तर कुठल्या प्रूफ हाउसचा तेही कळलं असतं. याचं दुःख मला आजही आहे.

गोव्यात आणखी एक गल्लत फार होते. चेंबरवर मुकुट आणि त्याखाली ‘एम’ व ‘२’ गुंफलेलं ल्युगर दिसलं की लोक त्याला पोर्तुगीज ट्रायल म्हणतात. ती पोर्तुगालचा राजा मानुएल दुसरा याची खूण. पोर्तुगीज लष्कराने ७.६५ मिमीची अशी सुमारे ५,००० ल्युगर रीतसर कंत्राटाने घेतली होती. कंत्राटाचा माल आणि चाचणीचा माल या वेगळ्या गोष्टी आहेत. ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली. त्यानंतरच्या नौदलाच्या ल्युगरवर नांगराशी ‘आर. पी.’ (पोर्तुगीज प्रजासत्ताक) येतं, त्यावरून काळ पटकन लागतो.

चकाकीवरून अस्सलपणा ठरवू नका. अमेरिकेच्या .४५ च्या चाचण्यांसाठी घेतलेली सॅव्हेज या अमेरिकन कंपनीची पिस्तुलं होती जेमतेम २००, आणि चाचण्या संपल्यावर त्यांतली बरीचशी कंपनीनेच परत घेऊन, नव्याने रंगवून बाजारात विकली. सुंदर निळा रंग तिथे उलट शंका घ्यायला लावतो.

सुट्या भागांवरचे आकडे पिस्तुलाच्या नंबरशी जुळतात का हे न बघता "सगळं मूळचं आहे" म्हणू नका.

परवान्याचं आधी बघा, इतिहासाचं नंतर. जुनं आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समज चूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारापुरती आहे. आणि ते चालतं की नाही हे घरी ठरवायचं नसतं, जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचं असतं. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याचा विचारही करू नका, १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

शेवटचं, घाई. नवे लोक मोबाइलवर तीन फोटो बघतात आणि संध्याकाळपर्यंत निकाल मागतात. पूर्वज पोर्तुगीज सैन्यात अधिकारी होता असं घरात सांगत असतील, तर त्याची नेमणूक सरकारी राजपत्रात, ‘बोलेतिं’त, सापडायला हवी. ते १८३७ पासून निघत होतं. मी आधी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसतो, मग तिथल्याच पुराभिलेखागारात. पोर्तुगीज वाचता येत नसेल तर जुन्या पिढीतल्या कुणाला तरी सोबत न्या. त्यांना पोर्तुगीज वळणाचं हस्ताक्षर लागतं, आणि घराण्यांची जुनी आडनावं व गावांची जुनी स्पेलिंगंही ओळखता येतात. जाताना पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे दहा वर्षांचा काळ लिहून न्या. नुसतं "पणजोबा कप्तान होते" एवढ्यावर कुठलीही फाईल निघत नाही.