एका ‘ला’ला किती प्रिपोझिशन? इंग्रजी वाक्य जुळवताना

‘मी दादरला राहतो’, ‘मी दादरला उतरतो’, ‘मी दादरला येतो’. मराठीत एकटा ‘ला’ तिन्ही कामं उरकतो. इंग्रजीत मात्र लिव्ह इन दादर, गेट ऑफ ॲट दादर, कम टू दादर.

म्हणून प्रिपोझिशन निवडण्याआधी मराठी वाक्य मनात म्हणा आणि प्रत्यय इथे काय करतोय ते बघा. वस्तीच्या आत असणं असेल तर इन, प्रवासातला नुसता टप्पा असेल तर ॲट, तिकडे जाणं-येणं असेल तर टू. ‘मोठ्या जागेला इन, लहान जागेला ॲट’ असं शाळेत घोकलेलं असतं, पण वरच्या वाक्यांत दादर तेवढंच आहे, बदललंय ते आपलं काम.

वाहनांचं सोपं आहे. ज्यात उठून चालता येतं त्याला ऑन, म्हणजे ऑन द ट्रेन, ऑन द बस. रिक्षा-टॅक्सीला इन. (सकाळच्या विरार लोकलमध्ये चालता येत नाही, तरी ऑनच.)

वेळेसाठी एक वाक्य लक्षात ठेवा: द ट्रेन रॅन फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे ऑन १६ एप्रिल १८५३. पूर्ण तारीख किंवा वार आला की ऑन. नुसता महिना किंवा साल असेल तर इन: इन एप्रिल, इन १८५३. घड्याळातल्या वेळेला ॲट.

याच वाक्यात काळही दडलाय. तारीख सांगितली की साधा भूतकाळ, हॅज रन चालत नाही. आपण ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ असं बिनधास्त म्हणतो, त्यातला ‘आहे’ इंग्रजीत हॅव होऊन घुसतो. काल आला की हॅव काढा: आय सेंट इट येस्टरडे. काल काढला तर आय हॅव सेंट इट बरोबर.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘पासून’. ‘दहा वर्षांपासून डोंबिवलीत राहतो’ याचं आय ॲम लिव्हिंग सिन्स टेन इयर्स होतं आणि एका वाक्यात दोन चुका पडतात. कधीपासून ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. आणि गोष्ट अजून चालू असेल तर हॅव हवंच: आय हॅव बीन लिव्हिंग इन डोंबिवली फॉर टेन इयर्स, किंवा सिन्स २०१५.

काही क्रियापदं मात्र पाठच करावी लागतात. ‘विषयी चर्चा’ असली तरी डिस्कसपुढे अबाउट नको, आणि लग्न कुणाशीही होवो, मॅरीड टू.

राहता राहिला आपला लाडका ‘आलोच!’. रूप भूतकाळाचं, माणूस अजून कुर्ल्यात. त्याचं आय हॅव कम केलंत तर समोरचा दार उघडायला जाईल. म्हणा, आय ॲम कमिंग.