चुनखडीच्या डोंगरउतारावर पाया घेण्यापूर्वी जमिनीची तपासणी
चुनखडीचा खडक किंचित आम्लधर्मी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो, म्हणून वरून भक्कम दिसणाऱ्या उताराच्या पोटात पोकळ्या असू शकतात. आधी उतार पायी फिरून खळगे, झरे आणि एकाएकी जमिनीत गडप होणारे ओढे नकाशावर नोंदवावेत. विद्युत सर्वेक्षणाने, म्हणजे जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजून, संशयास्पद जागा हेरता येतात, पण खरा निवाडा बोअरच, म्हणजे तपासणीसाठी ड्रिलने पाडलेले खोल छिद्रच, करते. खडकाची पातळी थोड्या अंतरातही कित्येक मीटर बदलते, त्यामुळे जड भाराच्या प्रत्येक स्तंभाखाली स्वतंत्र बोअर घ्यावे आणि खडक लागताच न थांबता पायाच्या तळाखाली आणखी काही मीटर जावे. ड्रिलचा दांडा अचानक खाली घसरला किंवा ड्रिल करताना आत सोडलेले, वर परतणारे पाणी एकदम थांबले, तर ती खोली त्याच क्षणी लिहावी. नुसती गाभ्याची पेटी (बोअरमधून काढलेले खडकाचे दंडगोल तुकडे ठेवलेली पेटी) पाहून हे नंतर नीट उमगत नाही. खडकातील भेगांचा कल उताराच्या दिशेने असल्यास घसरणीची तपासणी वेगळी करावी.