हात दाखवण्याआधी

मुलांना सायकलवरून हात दाखवायला शिकवायचं म्हटलं की आपण थेट ‘हा उजवा, हा डावा’ सुरू करतो. ते पाच मिनिटांत पाठ होतं. खरी गोम वेगळीच आहे. हात सुटला की हॅंडल डगमगतं आणि मागे बघितलं की सायकल तिकडेच ओढली जाते. हे दोन्ही जमायच्या आत रस्त्यावर नेलं तर ते अक्षरशः हात दाखवून अवलक्षण. म्हणून तयारी सायकलपासून.

आदल्या संध्याकाळी सीट इतकी खाली घ्या की बसल्याबसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. चाकांत हवा भरा. हवा कमी असली की एका हाताला हॅंडल जड जातं. पुढचं चाक आपल्या गुडघ्यांत धरून हॅंडल पिळून बघा. चाक जागेवर राहून हॅंडल फिरलं तर बोल्ट आवळायचा आहे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसायला हवं.

ब्रेककडे मात्र नीट वेळ द्या. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा की मागच्या, हे सगळीकडे सारखं नसतं. चाक उचलून फिरवा, दाबून बघा आणि मुलालाही दाबायला लावा. एक हात हवेत असताना ब्रेक उरतो तो एकच. तो पुढचा निघाला आणि घाबरून करकचून दाबला गेला तर मागचं चाक वर येऊ शकतं. म्हणून क्रम पक्का करून घ्या: हात दाखवायचा, तो परत हॅंडलवर आणायचा, मग ब्रेक लावायचा. अचानक काही आडवं आलं तर हात गेला खड्ड्यात, दोन्ही ब्रेक.

बरोबर खडू आणि चार-पाच रिकाम्या बाटल्या घ्या. जागा मोकळी, सपाट आणि वाहनं नसलेली हवी.

सुरुवात पायीच करा. मुलाच्या समोर तोंड करून उभे राहू नका. तुमचा उजवा त्याला डावीकडे दिसतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. तरीही डावं-उजवं चुकत असेल तर एका मनगटाला रबरबॅंड. लाजायचं काही नाही, मोठ्यांचंही चुकतं.

मग खडूने लांब सरळ रेघ मारा. आधी एक हात हॅंडलवरून नुसता बोटभर उचलायचा, मग मांडीवर ठेवायचा, मग बाजूला ताठ. फार हळू चालवली तर सायकल जास्तच डुलते, म्हणून थोडा वेग असू द्या. दोन्ही हातांनी जमेपर्यंत पुढे जाऊ नका. डावा हात उचलणं बहुतेकांना सोपं जातं, उजवा रडवतो.

आता मागे बघणं. तुम्ही मागे उभे राहून बोटं दाखवा, त्याने वळून आकडा ओरडायचा. आमची मुलगी पहिल्यांदा ‘तीन!’ असं बरोबर ओरडली आणि त्याच दमात रेघ ओलांडून बाटलीवर गेली. खांदे न वळवता फक्त मान वळवायची, हे तिला चौथ्या-पाचव्या फेरीत कळलं. माझ्या मते सगळ्या शिकवणीतला हाच भाग सर्वांत मोलाचा, आणि हाच बहुतेक जण गाळतात.

खुणा आता चटकन होतात. ज्या बाजूला वळायचं तो हात खांद्याच्या उंचीवर सरळ. कोपरात वाकलेला अर्धवट हात मागच्याला डोकं खाजवल्यासारखा दिसतो. काही ठिकाणी उजवीकडे वळायला डावा हात कोपरातून वर करतात. ती पद्धत मोटारींतून आली: डावीकडे बसलेल्या चालकाचा तोच हात खिडकीबाहेर जायचा. सायकलवर दोन्ही हात मोकळे, मग कशाला? थांबण्याची खूण देशागणिक बदलते, तेवढी आपल्याकडच्या नियमांत बघून घ्या.

वळणाच्या सुमारे 30 मीटर आधी मागे बघायचं, तीनेक सेकंद हात दाखवायचा, हात परत हॅंडलवर, पुन्हा एकदा बघायचं आणि मग वळायचं. समोरून येणारी वाहनं ओलांडून जायचं वळण शेवटी ठेवा. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं नाही, हे मात्र दहादा सांगा. गाडी थांबत नसेल तर खाली उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा.

पहिल्यांदा रस्त्यावर जाताना तुम्ही मागे, वाहनांच्या बाजूला जरासे बाहेर राहून चालवा. मुलाला फिक्या रंगाचा लांब बाह्यांचा शर्ट घाला. गडद बाहीतला हात संध्याकाळी कुणालाच दिसत नाही.