खाडी पोहून आलेल्याचा नाशकात सत्कार करायचा असेल तर

सभागृह बघायच्या आधी पोहणाऱ्याकडून एक कागद मागून घ्या: मान्यतेचं प्रमाणपत्र. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या इंग्लिश खाडीत प्रत्येक मोहिमेच्या बोटीवर निरीक्षक असतो. वारा, पाण्याचं तापमान, मिनिटाला हात किती पडतात, काय खाल्लं, सगळं तो लिहीत जातो. ती नोंद तपासून चॅनल स्विमिंग असोसिएशन किंवा चॅनल स्विमिंग अँड पायलटिंग फेडरेशन, ज्यांच्यामार्फत मोहीम झाली त्या संस्थेची मान्यता येते. किनाऱ्यावरून घरच्यांनी कळवलेली वेळ आणि मान्य झालेली वेळ यांत फरक पडू शकतो. चौकातल्या फ्लेक्सवर एकदा चुकीची वेळ लागली की तीच बातमीत जाते, तीच मानपत्रात येते.

मानपत्र हा सत्काराचा गाभा. शाल कपाटात जाते, मानपत्र भिंतीवर राहतं. ‘जिद्द, चिकाटी आणि मेहनतीच्या जोरावर’ हे वाक्य कोणत्याही खेळाडूला लागू पडतं, म्हणून ते टाळाच. पोहण्याचाच तपशील लिहा, तोच गौरव आहे: कुठून निघाले, कुठे पाय टेकले, तारीख, तास-मिनिटं-सेकंद, पाण्याचं तापमान, एकट्यानं की रिलेत, कुठल्या संस्थेच्या नियमांनी. ए-३ कागदावर दीडशे शब्द पुरतात. त्याहून जास्त झाले की वाचणारा अडखळतो आणि ऐकणारे चुळबुळ करतात.

चुका ठरलेल्या जागी होतात.

अंतर: इंग्लिश खाडी अरुंद जागी सरळ रेषेत ३३ ते ३४ किलोमीटर आहे. भरती-ओहोटी पोहणाऱ्याला आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढते, त्यामुळे जीपीएसवर उमटणारी मार्गाची रेघ इंग्रजी एस अक्षरासारखी वळते आणि प्रत्यक्ष अंतर बरंच वाढतं. मानपत्रात अधिकृत अंतर द्या, प्रत्यक्ष अंतर हवं तर वेगळ्या वाक्यात. ‘२१ सागरी मैल’ असं सर्रास छापतात, ते चूक आहे. ते २१ मैल जमिनीवरचे, सागरी मैल साधारण १८ होतात.

तारीख: उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे संध्याकाळी साडेसातनंतर संपलेली मोहीम आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची होते. मानपत्रात तिथलीच तारीख घाला.

रिले: सहा जणांच्या रिलेत प्रत्येक जण ठरलेल्या क्रमानं तासभर पोहतो. ते मोठंच काम आहे, पण त्याला ‘खाडी एकट्यानं पार’ म्हणू नका. सहाही नावं लिहा.

‘पहिले’ आणि ‘सर्वांत लहान’: यादी पाहिल्याशिवाय हे शब्द वापरू नका. लांब पल्ल्याच्या मोहिमांचा लाँगस्विम्स डेटाबेस खुला आहे, तिथे शोधा. मिहिर सेन १९५८ साली आणि आरती साहा १९५९ साली खाडी पोहून गेले, पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली ‘ओशन्स सेव्हन’ हे सात खाड्या-सामुद्रधुन्या पोहण्याचं आव्हान पूर्ण केलं. ‘भारतातील पहिले’ लिहिताना एवढं तरी आठवावं.

फोटोही तपासा. इंग्लिश खाडीच्या नियमांत साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी आणि गॉगल चालतो, अंग गरम ठेवणारा रबरी वेटसूट नाही. सरावाचा वेटसूटमधला फोटो फ्लेक्सवर गेला की जाणकार शंका घेतात. छपाईवाल्याकडे मजकूर युनिकोडमधून श्रीलिपी या छपाईच्या फाँटमध्ये जाताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर घ्या आणि नाव पोहणाऱ्यालाच वाचायला द्या.

दिवस निवडणं नाशकात अवघड जातं. खाडीचा हंगाम जूनअखेर ते सप्टेंबर, म्हणजे परतणं गणेशोत्सव, पितृपक्ष नाहीतर नवरात्रात येतं. कालिदास कलामंदिर किंवा कुसुमाग्रज स्मारकाची तारीख आधी विचारून ठेवा. परतल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या. मिठाच्या पाण्यात तासन्‌तास राहून जीभ-घसा सुजतो, मान आणि काखेत कातडी सोलवटते, खांदे वर जात नाहीत. म्हणून झेंडूचे जड हार गळ्यात नकोत, हातात गुलछडीचा गुच्छ द्या. शाल खांद्यावर हलकेच टाका. खांद्यावर उचलून मिरवणूक तर नकोच. भाषणाऐवजी दहा मिनिटांची मुलाखत ठेवा, प्रश्न आदल्या दिवशी कळवा.

रामकुंडात किंवा गंगापूर धरणात ‘प्रात्यक्षिक’ घ्यायची सूचना कोणीतरी करतंच. पावसाळ्यात गोदेच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा गोदावरीत कोणालाच उतरवायचं नसतं, आणि धरणाचं पाणी शहराच्या पिण्याचं आहे. त्यापेक्षा पडद्यावर जीपीएसची रेघ तीन-चार मिनिटांत सरकवत दाखवा. सोबत दोरी बांधलेली बाटली मंचावर ठेवा. बोटीला किंवा माणसाला हात लागला तर मोहीम बाद होते, म्हणून खाणं असं दोरीनं टाकतात, हे दोन वाक्यांत सांगितलं की सभागृह गप्प होतं. ती बाटली टाकणाऱ्यांचा, प्रशिक्षकांचा आणि घरच्यांचा सत्कार त्याच मंचावर करा, शेवटी घाईत उरकू नका.

भेट म्हणून चषक देऊ नका. भांडी बाजारात चौकशी करून तांब्याच्या पत्र्यावर मोहिमेची रेघ कोरून घ्या. बारा बाय आठ इंचाचा, दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. देवनागरी अक्षर पाच मिलिमीटरपेक्षा लहान केलं की मात्रा भरून जातात. वर लॅकर मारला नाही तर पावसाळ्यात काळवंडतो. वाट दाखवणारी पायलट बोट, प्रवास, राहणं मिळून काही लाख खर्च होतो, म्हणून जमेल तेवढा धनादेश सोबत असावाच.

तरणतलावावर नाव लावायचं असेल तर महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्या. क्लोरीनच्या हवेत साध्या स्टीलवर डाग पडतात, तांबं हिरवं होतं. ग्रॅनाइटवर कोरलेलं टिकतं. खाली दोन ओळींची जागा रिकामी सोडा, पुढच्या नावासाठी.

शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्काराचा साहसी विभाग किंवा तेनझिंग नोर्गे पुरस्कार यांसाठी प्रमाणपत्र, निरीक्षकाची नोंद, जीपीएसचा आलेख आणि कात्रणं यांच्या साक्षांकित प्रती एकाच फाइलमध्ये करून द्या. मुदत दरवर्षीच्या जाहिरातीत पाहा. हे काम मंडळानं अंगावर घेतलं तर पोहणाऱ्याचे कित्येक हेलपाटे वाचतात.

मोहीम अर्धवट राहिली तरी सत्कार करा. आरती साहांनाही १९५९च्या ऑगस्टमध्ये प्रतिकूल प्रवाहामुळे पाण्याबाहेर यावं लागलं होतं, २९ सप्टेंबरला त्या पार गेल्या. अशा मानपत्रात ‘प्रयत्न फसला’ लिहू नका. किती तास, किती अंतर आणि थांबण्याचं कारण लिहा: थंडी, प्रवाह की पायलटचा निर्णय.